कांद्याच्या पापुद्र्यापासून सुरुवात: पेशी आणि तिची अंगकं घरी कशी बघायची

इंदूरमध्ये मराठीतून जीवशास्त्र समजावायला बसलं की पहिली अडचण शब्दाची येते. पुतणी नववीत गेली तेव्हा एका रविवारी तिला म्हटलं, "चल, आज पेशी बघू." ती म्हणाली, "आत्या, पेशी तर बाबांची असते. हायकोर्टात." तिचे बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, वकील आहेत. इथल्या हिंदीत पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपण जिला पेशी म्हणतो ती कोशिका. म्हणून आधी शब्द लावून घेतले. केंद्रक दोन्हीकडे तेच. माइटोकॉन्ड्रिया म्हणजे तंतुकणिका, क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक, वॅक्युओल म्हणजे रिक्तिका, लायसोसोम म्हणजे लयकारिका. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमला मराठीत आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. मी ३५ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण हिंदीतून, त्यामुळे हा शब्द मला अजूनही एका दमात म्हणता येत नाही.

दुसरी अडचण पुस्तकातल्या आकृतीची. एका लंबगोलात सगळी अंगकं, म्हणजे पेशीच्या आतले वेगवेगळी कामं करणारे भाग, रंगवून, बाण काढून मांडलेली असतात. तशी पेशी कोणीही कधी पाहिलेली नाही. हजारो निरीक्षणं एकत्र करून काढलेला तो नकाशा आहे. मुलं नकाशा पाठ करतात आणि मायक्रोस्कोपखाली तसं काही दिसलं नाही की आपलंच चुकलं असं समजतात. म्हणून मी अंगकांचे तीन ढीग करते. काही साध्या मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी दिसतात. काही दिसत नाहीत, पण त्यांचं काम दिसतं. आणि काही घरी कुठल्याच उपायाने दिसत नाहीत, त्यांची फक्त गोष्ट सांगता येते. पुढची कृती साधारण याच क्रमाने आहे.

सामान

४, १० आणि ४० पटीच्या तीन वस्तुभिंगांचा आणि १० पटीच्या नेत्रभिंगाचा विद्यार्थी-मायक्रोस्कोप पुरतो. दोन्हींचा गुणाकार करायचा: ४०, १०० आणि ४०० पट. खेळण्याच्या दुकानात डब्यावर '१२०० पट' छापलेले मिळतात, ते घेऊ नका. साध्या प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसूच शकत नाहीत. (१ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन.) त्यापुढे कितीही पट वाढवलं तरी धूसर चित्र मोठं होतं, एवढंच.

बाकी काचपट्ट्या, आच्छादन काचा, ड्रॉपर, सुई, चिमटा, टिपकागद. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणि ग्लिसरीन. मेथिलीन ब्लू माशांच्या दुकानात मिळतो, तिथे तो बुरशीवरचं औषध म्हणून ठेवतात. सॅफ्रॅनिन हा लाल रंग मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर आयोडीनवर भागतं. जुना टी-शर्ट घाला. मेथिलीन ब्लूचा डाग माझ्या एका साडीवर १९९४ पासून आहे.

मायक्रोस्कोप लावणं

आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर खिडकीतल्या उजेडाकडे आरसा वळवा, पण सूर्याकडे कधीही नाही. भिंगांतून गेलेलं ऊन डोळा कायमचा निकामी करू शकतं. मुलांना एकटं बसवायचं असेल तर सरळ टेबललॅम्प द्या.

आधी पेशी नको. वर्तमानपत्रातलं एक अक्षर कापा, समजा 'म', आणि ते ४० पटीवर बघा. ते उलटं दिसेल, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. पट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं. हाताला याची सवय दहा मिनिटांत होते. ही दहा मिनिटं वाचवायला गेलं तर पुढे तासभर नुसती शोधाशोध.

नेहमी सर्वांत छोट्या भिंगापासून सुरुवात करा. बाजूने बघत भिंग पट्टीच्या जवळ आणा, मग डोळा लावून भिंग आणि पट्टी यांतलं अंतर वाढवत चित्र स्पष्ट करा. उलट केलंत तर भिंग काचेवर आपटतं. ४० पटीच्या भिंगावर गेल्यावर मोठ्या चक्रीला हात लावायचा नाही, फक्त बारीक चक्री.

आता एक मोजमाप करून ठेवा. पारदर्शक फूटपट्टी सर्वांत कमी पटीखाली धरा आणि दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर भरतो ते वहीत लिहा. माझ्याकडे तो ४.५ भरतो. म्हणजे १०० पटीवर १.८ आणि ४०० पटीवर ०.४५ मिलिमीटर. हा आकडा हाताशी असला की कुठल्याही पेशीचा आकार अंदाजाने काढता येतो.

कांदा: भित्तिका आणि केंद्रक

पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतलात की एक फोड बाजूला ठेवा. त्यातली एक मांसल पाकळी घ्या. तिच्या आतल्या, खोलगट बाजूला एक पारदर्शक पापुद्रा असतो. पाकळी बाहेरच्या बाजूला वाकवून मोडली की तो पापुद्रा लोंबकळत राहतो. चिमट्याने हलकेच ओढा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर तो गुंडाळला जातो आणि मग सरळ होत नाही.

अर्धा सेंटिमीटरचा तुकडा कापून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरा. सुरकुती पडू देऊ नका. आयोडीन पाण्यात पातळ करून त्याचा एक थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. मग आच्छादन काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. वरून सरळ ठेवली की आत हवा अडकते. शाळेत असताना मी पहिली 'पेशी' म्हणून जी आकृती काढली ती हवेच्या बुडबुड्याची होती. बाईंनी त्यावर बरोबरची खूणही केली. काळ्या, जाड, गुळगुळीत कडेचा आणि आत अगदीच काही नसलेला गोल दिसला की तो बुडबुडा समजायचा.

१०० पटीवर विटांच्या भिंतीसारखी रचना दिसेल. विटांमधल्या रेघा म्हणजे पेशीभित्तिका. तिचा मुख्य घटक सेल्युलोज, आणि तिचं काम आकार टिकवणं, दाब सोसणं. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात हेच पाहिलं आणि त्या खोल्यांना 'सेल' नाव दिलं. त्याने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. आत राहणारं कधीच संपलेलं होतं.

आता एका सरळ रांगेतल्या पेशी मोजा. पुतणीच्या वर्तुळात सहा बसल्या. १.८ भागिले ६, म्हणजे प्रत्येकीची लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर. पेशी म्हणून ही चांगलीच मोठी आहे.

४०० पटीवर प्रत्येक पेशीत एक पिवळसर-तपकिरी ठिपका दिसतो, तो केंद्रक. डीएनए इथे असतो. कुठलं प्रथिन केव्हा बनवायचं याच्या सूचना इथूनच निघतात. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत पाहून त्याला नाव दिलं. नीट लावलंत तर केंद्रकाच्या आत एक-दोन गडद बिंदूही दिसतात, त्या केंद्रकी. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे भाग तिथे तयार होतात.

मुलं इथे एक चांगला प्रश्न विचारतात: केंद्रक मध्ये का नाही, भिंतीला का चिकटलाय? कारण पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने, म्हणजे पाण्याच्या पिशवीने, भरलेला असतो. बाकी सगळं कडेला दाबलं जातं. काही पेशींत तो मधोमध दिसतो खरा, पण तो वरच्या किंवा खालच्या भिंतीला चिकटलेला असतो. बारीक चक्री थोडी पुढे-मागे फिरवली की पेशी खोक्यासारखी खोल आहे हे कळतं. पुस्तकातली सपाट आकृती त्या क्षणी डोक्यातून जाते.

कांद्यात हिरवं काही दिसणार नाही. मातीत वाढलेल्या पाकळीला हरितलवकांचा काय उपयोग?

मिठाचं पाणी: न दिसणारं पटल पकडायचं

मला विचाराल तर सगळ्या प्रयोगांत हा सर्वांत मोलाचा. पेशीपटल, म्हणजे भित्तिकेच्या आत पेशीला वेढणारं पातळ आवरण, ७ ते १० नॅनोमीटर जाड असतं (१ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर), म्हणजे आपल्या मायक्रोस्कोपच्या आवाक्याच्या कितीतरी खाली. तरी ते आहे आणि काम करतंय हे दाखवता येतं.

लाल कांदा घ्या. यावेळी पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा सोला. रंग देऊ नका, त्याचा स्वतःचा रंग आहे आणि तो रिक्तिकेत साठलेला आहे. साध्या पाण्यात बघितलं तर पूर्ण पेशी कडेपर्यंत जांभळी दिसते.

अर्धी वाटी पाण्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवा. आच्छादन काचेच्या एका कडेला या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद साधं पाणी ओढून घेतो आणि खारं पाणी आत शिरतं. डोळा लावून बसा. दोन-तीन मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, मग आकसत आकसत मध्ये गोळा होतो. भिंती आपल्या जागी, आणि आत जांभळा फुगा वेगळा. त्या फुग्याची कड म्हणजे पेशीपटल जिथे आहे ती जागा. आतलं पाणी बाहेर गेलं, रंग मात्र आत राहिला, कारण पटल पाण्याला वाट देतं आणि रंगाच्या मोठ्या रेणूंना देत नाही.

आता त्याच पद्धतीने परत साधं पाणी सोडा. फुगा पुन्हा भरतो. पेशी जिवंत होती याचा यापेक्षा चांगला पुरावा घरात मिळणार नाही. हाच पापुद्रा आधी उकळत्या पाण्यात बुडवून घेतला तर असं काहीच होत नाही. पटल फाटतं आणि रंग सगळीकडे पसरतो. बीट गार पाण्यात ठेवलं तर पाणी जेमतेम गुलाबी होतं आणि गरम पाण्यात लालभडक, त्याचं कारण हेच.

पुतणीची आजी शेजारी बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "यात काय नवीन? कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतंच की." बरोबर आहे. तिने हा प्रयोग दर उन्हाळ्यात बरणीभर केलेला आहे.

गालाची पेशी

चूळ भरा आणि कापसाच्या काडीने गालाच्या आतली बाजू हलकेच पुसा. प्रत्येकाने आपली काडी आपणच वापरायची. काचपट्टीवर काडी फिरवा, पातळ मेथिलीन ब्लूचा थेंब टाका, मिनिटाने जादा रंग टिपून घ्या.

इथे विटा नाहीत. वेड्यावाकड्या, कडा दुमडलेल्या चपट्या चकत्या दिसतात, आकार साधारण ५० ते ६० मायक्रॉन. भित्तिका नाही, मोठी रिक्तिका नाही, म्हणून केंद्रक बहुधा मध्यावर गडद निळा. पेशीवर अगदी बारीक निळे कण दिसले तर ते अंगक नव्हे, तोंडातले जिवाणू आहेत. ही बातमी मुलांना फार आवडते. काम झालं की काडी कचऱ्यात टाका आणि काचपट्टी ब्लीचच्या पाण्यात बुडवा. रक्ताचा थेंब घ्यायचा हट्ट मुलं करतात, तो पुरवू नका. सुईचा धोका आहे, आणि आपल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतो, तेव्हा बघायलाही फारसं मिळत नाही.

हायड्रिला: हरितलवक चालताना

हायड्रिला ही पाण्यातली वनस्पती. ती शोधायला इंदूरच्या सिरपूर तलावात जाऊ नका. तो २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तिथली वनस्पती तिथेच राहू द्या. माशांच्या दुकानात एक जुडी मिळते.

ती तासभर उजेडात ठेवा. टोकाजवळचं एक कोवळं पान तोडून पाण्याच्या थेंबात ठेवा. कापायचं नाही, सोलायचं नाही, रंगवायचं नाही, कारण पान जेमतेम दोन थरांचं असतं. ४०० पटीवर पानाच्या मधल्या शिरेजवळच्या पेशी बघा. हिरवे गोळे दिसतील, प्रत्येक साधारण ५ मायक्रॉनचा. ते हरितलवक. प्रकाश वापरून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून साखर बनवतात.

आता नुसतं थांबा. एक मिनिट, दोन मिनिटं. एखाद्या पेशीत गोळे भिंतीलगत एकामागून एक सरकायला लागतात, कोपऱ्यावर वळतात, परत येतात. राजवाड्याभोवती फिरणाऱ्या गाड्यांसारखे, फक्त हॉर्न नाही. ते स्वतः पोहत नाहीत. पेशीद्रव्यच, म्हणजे पेशीत भरलेला दाटसर द्रवच, वाहत असतं. ॲक्टिन नावाच्या प्रथिनतंतूंवर मायोसिन ही चालक प्रथिनं ओढकाम करतात, आणि आपले स्नायू आखडतात तेही ॲक्टिन-मायोसिनच्याच जोडीमुळे. जानेवारीच्या थंडीत हालचाल मंदावते, तेव्हा थेंबासाठी कोमट पाणी घ्या. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि अजूनही दर वेळी हातातला चहा गार होतो.

बटाटा आणि अळू

बटाट्याची चिरलेली बाजू सुईने खरवडा, पाण्याचा थेंब, आणि अगदी फिकट आयोडीन. आयोडीन दाट झालं तर सगळं काळं होऊन बसतं. निळ्या-जांभळ्या लंबगोल दाण्यांवर शिंपल्यासारखी वलयं दिसतील. हे स्टार्चचे दाणे. ते बिनरंगाच्या, साठवण करणाऱ्या लवकांत तयार होतात, आणि ही लवकं हरितलवकांचीच भावंडं. हिवाळ्यात इंदूरच्या सराफ्यात तळलेला गराडू हा कंद खातो, त्याचा कच्चा तुकडा आणून शेजारी ठेवून बघा आणि दाण्यांचे आकार ताडून बघा.

अळूच्या देठाचा रस पट्टीवर घेतला तर सुयांच्या जुड्या दिसतात. हे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, पेशीने आपल्या रिक्तिकेत तयार केलेले. घसा खवखवतो तो यांच्यामुळे. फतफत्यात चिंच घालायला आजी का विसरत नसे, ते आता कळेल. हाताला तेल लावूनच देठ चिरा.

यीस्ट: तंतुकणिकांचं काम

तंतुकणिका जाडीला अर्धा ते एक मायक्रॉन आणि पारदर्शक, त्यामुळे शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये ओळखता येत नाहीत. कांद्याच्या न रंगवलेल्या पापुद्र्यात सरकणारे बारीक कण दिसतात, पण तिथे बाण काढून 'तंतुकणिका' लिहिणं म्हणजे खोटी साक्ष.

त्यापेक्षा हे करा. कोमट पाण्यात चमचाभर कोरडं यीस्ट आणि थोडी साखर घालून पंधरा मिनिटं ठेवा. ते दोन उंच ग्लासांत वाटून घ्या, एक ग्लास आधी चांगला उकळून गार करा. दोन्हींत मेथिलीन ब्लूचे दोन-तीन थेंब. न हलवता ठेवलं की जिवंत यीस्टचा निळा रंग हळूहळू उडतो आणि उकळलेल्याचा तसाच राहतो. पेशी अन्नातून इलेक्ट्रॉन काढत असते, ते घेऊन रंग फिका होतो. ग्लास हलवला की हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि वरचा थर परत निळा. ही देवाणघेवाण एकट्या तंतुकणिकांची नाही, काही भाग पेशीद्रव्यातही चालतो. पण शेवटी ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवण्याचं मोठं काम तंतुकणिकांच्या आतल्या पटलावरच होतं. थेंब मायक्रोस्कोपखाली धरा: जिवंत पेशी बिनरंगी, मेलेल्या निळ्या, आणि काहींना बाजूला कळी फुटलेली.

जे दिसणार नाही

रायबोसोम २० ते ३० नॅनोमीटरचा. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी, लयकारिका यांची रचनाही आपल्या भिंगांच्या पलीकडची. यांच्यासाठी मी जिलबी वापरते. गरम जिलबी बघून तोंडाला पाणी सुटतं, त्या लाळेत अमायलेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन (एंझाइम), असतं. लाळग्रंथीच्या पेशीत केंद्रकातल्या डीएनएवरून आरएनएची प्रत निघते. ती रायबोसोमवर वाचली जाते आणि प्रथिनाची साखळी तयार होते. साखळी खडबडीत जालिकेत शिरून घडी घेते, तिथून पुटिकांत, म्हणजे बारीक पिशव्यांत, बसून गॉल्गीकडे जाते, तिथे तिच्यावर शेवटचे संस्कार होतात, वर्गवारी होते, आणि भरलेल्या पुटिका पटलापाशी साठून राहतात. जिलबी समोर आली की मज्जातंतूंचा निरोप येतो आणि पुटिका रित्या होतात. हा मार्ग जॉर्ज पालाडे यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत उलगडला. १९७४ चं नोबेल त्यांना अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्यासोबत मिळालं.

द द्यूव यांची गोष्ट मात्र जरूर सांगा. ते उंदराच्या यकृतातलं एक विकर मोजत होते. ताज्या नमुन्यात ते फारच कमी भरलं, आणि काही दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या नमुन्यात भरपूर. म्हणजे विकर आधी कुठल्या तरी पिशवीत बंद होतं आणि पिशव्या हळूहळू फुटल्या. या तर्कावरून १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव आलं. आधी कामावरून पत्ता लागला, चेहरा नंतर दिसला. गॉल्गीचं नेमकं उलटं झालं. कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवून चेतापेशीत जाळं पाहिलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं लोक भांडत राहिले की हे खरं अंगक आहे की रंगाने पाडलेला डाग. निकाल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दिला.

वही आणि आवराआवर

आकृती पेन्सिलीने, दिसलं तेवढीच. शेजारी किती पट, कुठला रंग, तारीख. केंद्रक दिसला नाही तर काढायचा नाही, गुण गेले तरी चालतील.

पापुद्रा दुसऱ्या दिवशी दाखवायचा असेल तर पाण्याऐवजी ग्लिसरीनचा थेंब घ्या आणि आच्छादन काचेच्या कडा नेलपॉलिशने बंद करा. काही दिवस टिकतो. भिंग पदराने किंवा शर्टाने पुसू नका, चष्म्याचं मऊ कापड वापरा. फुटलेल्या आच्छादन काचा जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' लिहून कचरागाडीवाल्याच्या हातात वेगळ्या द्या. कांदा-बटाट्याचं उरलेलं ओल्या कचऱ्यात, आणि रंग लागलेलं काहीही स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही.